सकाळच्या पाळीचा डोस

मालनताई, तुमच्या हातून बायकांना किरणांचा जास्त डोस लागतो असं मी लेखी दिलं होतं, आणि ते साफ चूक होतं. बिघाड यंत्रात होता. ते यंत्र तपासून ‘ठीक आहे’ म्हणून सही करणारा मी होतो.

एवढं लिहायला मला दोन वर्षं लागली. तेही तुम्ही गेल्यावर लिहितोय. उलट बोलायला तुम्ही नाही याची खात्री करूनच हा बसला लिहायला, असं कुणी म्हटलं तर म्हणू दे. तुमची नोकरी, तुमची सेवा, तुमचे सत्कार हे सगळं लिहिणारे लिहितील. मला त्यातलं काही नीटसं ठाऊकही नाही. मला ठाऊक आहे ती सांगलीच्या दवाखान्यातली तळमजल्यावरची, स्तनांच्या क्ष-किरण तपासणीची ती थंडगार खोली, तिच्या दाराला तुम्ही लावलेला निळा पडदा, आणि त्या पडद्याआडून येणारा तुमचा आवाज. “दीर्घ श्वास घ्या. धरा. आता मनात सासूला काय म्हणायचं ते म्हणून घ्या. झालं, सोडा.” बाई हसत बाहेर यायची. इतक्या दाबाच्या तपासणीतून बाई हसत बाहेर आलेली मी दुसरीकडे कुठं पाहिली नाही.

आपली पहिली भेट तुम्ही जन्मभर कुणाला सांगितली नाहीत, म्हणून मीच सांगतो. साताऱ्याहून एसटीनं आलो होतो. पिशवीत ॲक्रिलिकचे जाड ठोकळे. यंत्राखाली बाईच्या जागी ठेवायला तेच वापरतात. कंडक्टर म्हणाला, “काय राव, घराची फरशी घिऊन निघालाय व्हय?” मी त्याला कराडपर्यंत समजावून सांगितलं की मी वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ आहे, क्ष-किरण यंत्रं तपासतो. तो म्हणाला, “म्हंजी मेकॅनिक.” सांगलीला उतरून, दवाखान्यात येऊन, रुबाबात पिशवी उघडली आणि कळलं की डोस मोजायचा मीटर साताऱ्याला माझ्या टेबलावरच राहिलाय. ठोकळे आहेत, मी आहे, मोजायला काही नाही. तुम्ही पिशवीत वाकून बघितलंत आणि म्हणालात, “मग आज काय मोजणार साहेब? आमची उंची?”

आणि लगेच तुमचे मोठे डॉक्टर आत आले तेव्हा त्यांना म्हणालात, “साहेब आज नुसती पाहणी करणार आहेत. मोजमाप पुढच्या आठवड्यात.” चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मी त्या दिवशी दिवसभर नुसती पाहणी केली. भिंतींची, पडद्याची, तुमच्या डब्यातल्या शेंगदाण्याच्या चटणीची.

तुम्ही माझी अब्रू राखलीत ती अशी. मी तुमची काय केली ते आता येतं.

आपला वाद पहिल्यापासून एकच होता, आणि तो अर्धा राहिला. मी तुम्हाला फळ्यावर आकृती काढून समजावत होतो. बावीस वर्षं हे काम केलेल्या बाईला! स्तनाच्या आत दूध बनवणाऱ्या ग्रंथी असतात, बाकी चरबी. किरणांची भीती ग्रंथींना, म्हणून आपल्याला हवा त्या ग्रंथींना लागलेला सरासरी डोस. पण मीटर काही आत घालता येत नाही. म्हणून बाहेर, कातडीपाशी किती किरण पोचले ते मोजायचं. मग दाबलेल्या स्तनाची जाडी बघायची. त्या जाडीसाठी कोष्टकात एक गुणक दिलेला असतो, त्यानं गुणायचं. जाडी जास्त तर गुणक कमी, कारण किरण वरच्या थरातच बरेचसे अडतात. आणि ग्रंथी किती, चरबी किती, हे कोष्टक सरासरी बाई धरून सांगतं.

तुम्ही खडू माझ्या हातातून घेतलात. “म्हणजे मोजत नाही. अंदाज करता.”

“शास्त्रीय अंदाज, ताई.”

“असू दे शास्त्रीय. अंदाजच की. आणि ही सरासरी बाई कुठली? पलूसची का फलटणची? रोज इतक्या बाया बघते मी, ही काय मला अजून भेटली नाही.”

मी हसलो. तुम्ही हसला नाहीत. “हसू नका. रिपोर्टात ‘अंदाज’ असं लिहा. आकड्याच्या फुडं दोन दशांश टाकले की लोकांना वाटतं तागडीत घालून तोललंय.”

मी कधी तसं लिहिलं नाही. दोन दशांश मात्र प्रत्येक वेळी टाकले.

मग ती तपासणी आली. यंत्रात साठलेली तीन महिन्यांची माहिती मी काढली. प्रत्येक बाईची जाडी, किरणांचं प्रमाण, सगळं. गणितं केली. दुपारच्या पाळीतल्या मुलीचे आकडे ठीक. सकाळच्या पाळीचे, म्हणजे तुमचे, बरेच वर. यंत्राच्या पडद्यावर जाडी दिसते चार सेंटिमीटर, आणि किरण पडलेत साडेपाचला पडावेत तेवढे. मी निष्कर्ष काढायला घाई केली. यंत्र तेच, बायका त्याच भागातल्या, फरक फक्त हातांचा. म्हणजे दोष हाताचा. किती सरळ! शाळेतल्या मुलालाही पटेल असं. तेवढीच त्याची लायकी होती.

तुम्ही मला सांगितलंत. एकदा नाही, तीनदा सांगितलंत. “साहेब, पडद्यावरची जाडी खरी नाही. बाई पॅडलखाली असताना मला हाताला कळतं. पडदा चार म्हणतो, मला ते पाचाच्या वर लागतं.”

“हाताला कळतं” हे ऐकून माझ्यातला भौतिकशास्त्रज्ञ जागा झाला. मी चार सेंटिमीटरचा ठोकळा ठेवला. पॅडल, म्हणजे वरून दाबणारी ती प्लास्टिकची पट्टी, हळूच खाली आणली. पडद्यावर आकडा आला: चार. “बघा,” मी म्हणालो.

तुम्ही कमरेवर हात ठेवलात. दवाखान्यातली भाषा बाजूला पडली. “आवं साहेब, बाई काय फळी हाय व्हय?”

ताई, ते एक वाक्य ऐकून मी जागच्या जागी थांबायला हवं होतं. त्यात सगळं होतं. ठोकळा कडक, सपाट, पट्टीच्या बरोबर मधोमध, आणि दाब मी अगदी बेतानं दिलेला. बाई मऊ. ती पट्टीच्या पुढच्या कडेला वर ढकलते. पण मी कसला थांबतोय. दुसऱ्या दिवशी तुम्ही घरून कणीक मळून आणलीत. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेला, पावशेरभर तेल लावल्यासारखा तुकतुकीत गोळा. यंत्राखाली ठेवलात, रोज बाईला देता तेवढाच दाब दिलात, आणि बाजूला शाळेतली मोजपट्टी उभी धरलीत. पडद्यावर चार. मोजपट्टीवर मागं चार, पुढं साडेपाच.

डोळ्यांनी बघितलं मी ते. आणि बोललो काय? “ताई, कणीक ही प्रमाणित वस्तू नाही.”

दारात उभी असलेली आया फस्सकन हसली. मला वाटलं ती तुम्हाला हसली. तुम्ही गोळा उचललात, तिच्या हातात दिलात. “घे. ह्याच्या चपात्या कर आन् साहेबांना वाढ. प्रमाणित करून.”

मी साताऱ्याला गेलो आणि रिपोर्ट लिहिला. ‘सकाळच्या पाळीतील तंत्रज्ञाच्या हाताळणीमुळे रुग्णांना अपेक्षेपेक्षा जास्त डोस मिळत असल्याचे आढळते.’ सुटसुटीत वाक्य. मला तेव्हा आवडलंही होतं.

तुम्हाला त्या खोलीतून काढून छातीच्या एक्स-रेवर बसवलं. तुम्ही गेलात, निळा पडदा तिथंच ठेवून. आणि ते वाक्य दवाखान्यातून बाहेर पडलं. कागदावरचं वाक्य चालत नाही असं मला वाटायचं. ते एसटीत बसतं, बाजारात उतरतं, नळावर थांबतं. पलूसकडच्या ज्या एका गावातून तुम्ही दर वर्षी गाडी भरून बायका तपासणीला आणायचात, त्या गावात ते पोचेपर्यंत असं झालं होतं: ‘मालनबाईच्या हातानं लय करंट लागतो. सायबानं लेखी दिलंय.’ पुढच्या वेळी गाडी गेली. चार बायका चढल्या, त्यातल्या दोघी वाटेत उतरल्या.

पाच महिन्यांनी पुण्याहून कंपनीचा इंजिनिअर दुसऱ्याच कामासाठी आला. पॅडल काढताना त्याला ती धरून ठेवणाऱ्या बेचक्यात चीर दिसली. जुनी, मळ बसलेली. जोरानं दाबलं की पुढची कड वर उचलायची आणि पडद्याला त्याचा पत्ता नसायचा. दुपारची मुलगी बिचारी घाबरत घाबरत कमी दाबायची, म्हणून तिच्या हाताखाली चीर उघडत नव्हती. तुम्ही नीट दाबायचात. चित्र स्वच्छ यावं, परत काढायला लागू नये, किरण कमी लागावेत म्हणून जसं दाबायला हवं तसं. काम चोख होतं म्हणून तुम्ही दोषी ठरलात.

मी घरी बसून तुमची साडेपाच घातली आणि गणितं पुन्हा केली. सकाळचे आकडे मुकाट खाली येऊन दुपारच्या शेजारी बसले. जास्त डोस कुणालाच लागला नव्हता. जाडी चुकीची धरल्यामुळे मी गुणकच चुकीचा उचलला होता. माझा चहा गार झाला. बायको म्हणाली, काय झालं? मी म्हणालो, काही नाही, बेरीज जुळली.

नव्या रिपोर्टात मी लिहिलं: ‘यंत्रातील किरकोळ दोष दुरुस्त करण्यात आला. डोस समाधानकारक.’ किरकोळ!

तुम्हाला परत त्या खोलीत घेतलं. दोन दिवसांनी तुमचा फोन आला. “साहेब, नवा रिपोर्ट वाचला. पॅडलचं लिहिलंय. माझं तेवढं राहिलंय.”

“ताई, जुनी फाईल बंद झाली आता. कोण उघडून बघतंय?”

“फाईल बंद झाली असेल. तोंडं कुठं बंद झाली?”

“पुढच्या भेटीत करतो.”

“मला पत्र नको, माफी नको. जास्त डोस लागत नव्हता, एवढं सहीनिशी द्या. गावात दाखवते. बाया येईनात साहेब. एखादीच्या गाठीला उशीर झाला तर?”

पुढच्या भेटीत केलं नाही. त्याच्या पुढच्याही. मी स्वतःला कारण सांगायचो की आणखी तीन दवाखाने माझ्या सहीवर विश्वास ठेवतात, एकदा ‘माझी चूक’ असं लिहिलं की संपलं. ते खोटं नव्हतं, पण पूर्णही नव्हतं. खरं म्हणजे मला कणकेपुढं हरायचं नव्हतं.

आपली शेवटची भेट आठवली की अजून कान गरम होतात. सोमवारची सकाळ, सातारा-सांगली गाडी. उंब्रजला तुम्ही चढलात. सुट्टीला सासरी आला असणार. मला बघितलंत तेव्हा मी डोळे मिटले होते. खरं तर तुम्हाला बघून मिटले होते. तुम्ही माझ्याच शेजारी बसलात. कराड गेलं, इस्लामपूर गेलं, मी झोपलेलाच. मान दुखायला लागली, नाकावर माशी बसली, तरी झोपलेलो. चाळीशी ओलांडलेला माणूस, परीक्षेतून पळालेल्या पोरासारखा. सांगलीच्या स्टँडात गाडी शिरली तेव्हा तुम्ही माझ्या खांद्यावर बोटानं टकटक केलंत.

“साहेब, सांगली आली. पुढच्या बारीला थोडं घोरा, म्हणजे खरं वाटेल.”

आणि उतरून गेलात. सहीचं एका शब्दानं बोलला नाहीत. मी तुमच्या मागून उतरलो आणि मुद्दाम लांबच्या दारानं गेलो.

तुम्ही गेल्याचं मोबाईलवर एका ग्रुपात कळलं. हात जोडल्याची चित्रं एकाखाली एक येत होती. मीही एक टाकलं. मग ते काढून टाकलं आणि बसून, जास्त डोस लागत नव्हता असं सहीनिशी सांगणारं ते पत्र लिहिलं. अर्धं पान. लिहायला दहा मिनिटं लागली. दोन वर्षं जे जमलं नाही ते दहा मिनिटांचं काम होतं, याची लाज त्या पत्रातल्या मजकुरापेक्षा मोठी आहे.

पत्र घेऊन उंब्रजला तुमच्या घरी गेलो. तुमचे यजमान ओसरीवर बसले होते. सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस, पाठ अजून ताठ. मी कोण ते सांगितलं. ते म्हणाले, “वळखतो.” नुसतं तेवढंच. चहा आला. मी पत्र पुढं केलं, म्हणालो, ताईंच्या फोटोसमोर ठेवायला आणलंय.

त्यांनी चष्मा लावला, सावकाश वाचलं, घडी घालून माझ्याच हातात परत दिलं.

“तिला कशाला दाखवताय? तिला ठावंच हुतं.”

मी म्हणालो, “माझ्या मनाला…”

“तुमच्या मनाचं तुमी बघा. ज्यास्नी ठावं न्हाई त्यास्नी दावा. त्ये पलूसकडचं गाव हाय न्हवं, त्ये तिचं म्हायेर. म्हायती हाय तुमाला?”

मला माहीत नव्हतं. पाच वर्षं मी तुमच्याशी वाद घातला आणि हे विचारलं नाही.

“दोन वर्सं यात्रंला गेली न्हाई. भावजय म्हनली, मालू, तुझ्या नावानं बाया काय काय बोलत्यात. तवापासनं न्हाई गेली. मी म्हनलं, चल, मी येतो संगं, बघू कोन बोलतंय. तर म्हनली, भांडून कुनी तपासनीला येत न्हाई, सायेब कागद देनार हायत.” चष्मा काढून ते पुसत राहिले. “कागदाची वाट बघत हुती ओ ती.”

मालनताई, तुम्ही मला फोनवर ‘गावात दाखवते’ म्हणालात. ‘माझ्या गावात’ म्हणाला असतात तर? नाही, खोटं कशाला बोलू. तरी मी ‘पुढच्या भेटीत’च म्हणालो असतो.

परवा त्या गावात तपासणीसाठी नावं घ्यायची बैठक होती. दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे मी दहा मिनिटं मागून घेतली. ते म्हणाले, कशाला उकरताय, झालं गेलं. मी पहिल्यांदाच त्यांचं ऐकलं नाही. समाजमंदिरात पन्नासेक बायका सतरंजीवर बसल्या होत्या. मी माइक हातात घेतला. दशांश, गुणक, ग्रंथी, सगळं घरी ठेवून आलो होतो. सांगितलं की आत किती किरण लागतात ते कुणाला मोजता येत नाही. बाहेरून मोजून, जाडी बघून अंदाज काढतात. अंदाज मी काढला. जाडी मी चुकीची धरली. मालनताई सांगत होत्या, मी ऐकलं नाही. कुणालाही जास्त किरण लागले नव्हते. मग पत्र वाचून दाखवलं.

मी पत्राची घडी घातली. मग मधूनच एक आवाज आला. “म्हंजी करंट जास्त न्हवता?”

“नव्हता.”

“मग लिवलं कशाला?”

“मला वाटलं…”

“वाटलं!” कुणीतरी मागं म्हणालं, आणि दोन-चार जणी हसल्या. त्या हसण्यात मजा नव्हती.

“आमी म्हनलं, शेरात ऱ्हाऊन मालूला मिजास आली, म्हनून यात्रंला येत न्हाई,” एक म्हातारी शेजारणीला म्हणाली. शेजारीण पदर तोंडाला लावून खाली बघत होती.

पुढच्या रांगेतून एक बाई उठल्या. तिथल्या बचत गटाच्या प्रमुख, सगळ्या आक्का म्हणतात. तुमच्याबरोबर शाळेत होत्या म्हणे. त्यांनी माझ्या हातातनं माइक काढून घेतला. मला वाटलं, आता तुमच्याबद्दल दोन शब्द बोलतील. त्या माझ्याकडे वळल्या.

“ती जित्ती हुती तवा तुमाला कंठ फुटला न्हाई. मेल्यावर काय, कुनीबी खरं बोलतंय. सरा बाजूला सायेब, त्यो टेबल मोकळा करा. बायास्नी नावं लिवायची हायत.”